वश्तीचं शेपूट

"शेपूट फुटलं होतं तिला!" अबाजी मास्तर म्हणाले, आणि जाळीमागे बसलेल्या बायका पदरात तोंड खुपसून हसल्या.

मीही हसले. लग्नाला चार-पाच महिने झाले होते. नव्या नवरीने सगळ्यांबरोबर हसायचं असतं, सगळ्यांच्या आधी हसायचं नसतं, एवढी अक्कल मला होती.

एस्तेर राणीच्या सणाची ती संध्याकाळ. आम्हा बेने इस्रायल लोकांत त्याला होळीचा सणच म्हणतात, कारण तो गावच्या होळीच्या आगेमागे येतो. खाडीकाठच्या खारवलीत आमची एक आळी होती, आळीच्या टोकाला मशीद. आमची जुनी माणसं प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणत. पुरुष आत बाकांवर, बायका बाजूच्या पडवीत लाकडी जाळीमागे. हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, हिब्रूतून एस्तेरच्या कथेची गुंडाळी वाचायचा, ते आम्हाला ओ की ठो कळायचं नाही. म्हणून मधूनमधून तो थांबायचा आणि अबाजी मास्तर उभे राहून मराठीत अर्थ सांगायचे. अर्थ थोडा, पदरचा मीठमसाला जास्त.

त्या दिवशीही तसंच चाललं होतं. अहश्वेरोश राजाने मोठी मेजवानी दिली. दारूला अंत नव्हता. राजा रंगात आला आणि त्याने हुकूम सोडला, वश्ती राणीला मुकुट घालून इथे आणा, तिचं रूप माझ्या सरदारांना बघू दे. खोजे गेले बोलवायला. वश्ती येईना.

"का येईना?" मास्तरांनी बोट वर करून विचारलं. "शास्त्रात कारण दिलेलं नाही. पण जुने पंडित सांगून गेलेत. त्या दिवशी जिब्राईल दूताने येऊन तिला शेपूट फुटवलं! कोणी म्हणतात, अंगभर कोड उठलं. त्याशिवाय का कोणी बायको नवऱ्याचा हुकूम मोडेल? आणि तोही राजाचा?"

मग ते हसू. त्या हसण्यात एकच बाई नव्हती. पडवीच्या पायरीजवळ मिलकाबाई बसली होती, आणि तिच्याभोवती एक चटई अंथरता येईल एवढी जागा बायकांनी मोकळी सोडली होती. मिलकाबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको.

माझा नवरा मुशाजी जमातीचा मुकादम. खाडीवर त्याची लाकडाची वखार. वय चाळिशीचं, आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. सगळी आळी त्याला मुकादम म्हणे, मीही तेच म्हणे, आजही तेच म्हणते. नवरा म्हणायला जीभ वळत नाही. त्याने मिलकाबाईला फारकत दिली होती, आणि ती देताना जमात बसवली होती मशिदीत. फिर्याद मुकादमाची, आणि जमातीचा प्रमुखही मुकादमच. फिर्यादीने स्वतःच न्याय करायचा, ही सोय फक्त राजांना आणि मुकादमांना असते.

निवाडा काय झाला ते आळीतल्या पोरालाही पाठ होतं. मिलकाने नवऱ्याचा शब्द मोडला, म्हणून तिने घर सोडावं. कोणी तिला हळदीला, बारशाला, मलिद्याला बोलवू नये. अबाजी मास्तर तेव्हा म्हणाले होते म्हणे, "आज मुकादमाची बायको नाही म्हणाली, उद्या आपल्या घरोघरी ऐकावं लागेल." हे वाक्य बायकाच मला कौतुकाने सांगत.

पण शब्द कुठला मोडला, ते कोणी सांगत नव्हतं. माझं लग्न ठरलं तेव्हा मी बाबांना विचारलं होतं. बाबा म्हणाले, "मोठ्या घरच्या गोष्टी, बाय. आपल्याला काय करायचंय?" सासरी आल्यावर नणंदेला विचारलं. सिम्हाबाई विधवा, घर तीच चालवायची. ती म्हणाली, "मोडला म्हणजे मोडला. चुलीत घाल गो ते."

वाचन पुढे सरकलं. राजाने वश्तीला काढून टाकलं आणि तिच्या जागी एस्तेर राणी आली, तेव्हा शेजारच्या बायकांनी मला कोपराने ढोसलं. आमची एस्तेर, आमची एस्तेर! मला बरंही वाटलं. इस्रायलांच्या कत्तलीचा घाट घालणाऱ्या हामान प्रधानाचं नाव आलं तसे सगळ्यांनी पाय आपटले, बाकं बडवली. त्या एका माणसावर वर्षातून एकदा एवढा राग काढायचा, की बाकीच्यांसाठी उरायलाच नको.

वाचन संपलं आणि सगळे अंगणात आले. पुरुष चपला शोधत होते. मिलकाबाई सरळ अबाजी मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली आणि त्यांच्याकडे पाठ करून तिने लुगड्याचा काष्टा नीट केला.

"बघून घ्या मास्तर," ती म्हणाली. "आहे का कुठे?"

मुकादम ओरडला, "बाहेर काढा तिला!" पण काढायची गरजच नव्हती, ती आपणच फाटकाकडे निघाली होती. का कोण जाणे, मी तिच्या मागे गेले. पाण्याच्या रांजणापाशी तिला गाठलं.

"मिलकाबाई, तुम्ही काय नाही म्हणालात?"

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "कोणी सांगितलं नाही तुला?"

"नाही."

"आणि न विचारता त्या घरात गेलीस?"

"विचारलं होतं. सगळ्यांना विचारलं."

"मग माझ्या तोंडून कशाला ऐकतेस? मी तर गर्विष्ठ बाई. उद्या दुपारी तुझ्या ओटीवर जेवणावळ आहे ना?"

"आहे."

"मग कळेल," ती म्हणाली आणि गेली. मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू, वाटलं, काय ही बाई, सरळ एक वाक्य बोलत नाही. रात्रभर तो राग मनात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सणाला जमातीचे सगळे कर्ते पुरुष मुकादमाकडे जेवायचे, ही रीतच होती. त्या वर्षी मुंबईहून लाकडाचे दोन व्यापारी गलबताने आले होते. आणि लग्नानंतरचा पहिला सण म्हणून शेजारच्या गावाहून माझे बाबा आले होते, नवी टोपी घालून. मुकादमाने त्यांना आपल्या शेजारी बसवलं. बाबा साधे माणूस, घाणा चालवणारे. त्या मानपानाने ते इतके फुलले होते की मलाच आत भरून आलं.

ओटीवर मोहाची बाटली फिरत होती. आमच्या सणाला पिणं पापही नाही, उलट पुण्य आहे असं मास्तर सांगत, आणि पुण्याच्या बाबतीत आमचे पुरुष कधी मागे हटत नसत. आत मी आणि सिम्हाबाई पुरणपोळ्या लाटत होतो. मटण होतं, आणि आमच्यात मटणाबरोबर दूध-तूप चालत नाही, म्हणून पोळ्यांबरोबर नारळाचं दूध. मी तवा सांभाळत होते, ती लाटत होती. मधूनच ओटीवरचं बोलणं ऐकू येई.

"गुडघ्यापर्यंत?" कोणी तरी मुंबईचा म्हणाला. "काहीतरीच काय, मुकादम!"

"गुडघ्यापर्यंत नाही. गुडघ्याखाली!" हा मुकादमाचा आवाज.

"दाखवल्याशिवाय कोण मानतो?"

मोठं हसू उसळलं. सिम्हाबाईचं लाटणं थांबलं. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती पोळपाटाकडे बघत राहिली.

थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात बाबा आले. चेहरा लाल, हसू ओठांवर चिकटवल्यासारखं.

"बाय, जरा हात पूस. मुकादम बोलावतायत."

"भात हवाय? होतोच आहे."

"भात नाही गं." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "ते पाहुणे ऐकेनात. हसण्यावारी पैज लागलीय. तू लग्नातलं लुगडं नेस, अंबाडा सोड, आणि तशी ओटीवर ये म्हणतात. पदर डोक्यावर नको, खांद्यावर. एकदा सगळ्यांचे पेले भर आणि ये आत. दोन मिनिटांचं काम."

मला आधी कळलंच नाही. आमच्यात लग्न झालेली बाई परक्यापुढे डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही, हे ज्यांनी मला शिकवलं तेच हे बोलत होते.

"केस सोडून?" मी म्हणाले. "परक्या पुरुषांपुढे, बाबा?"

"परके कुठले? सगळी आपलीच माणसं. आणि मी आहे ना तिथे."

मी आहे ना तिथे! आज इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य मी विसरलेले नाही.

मी सिम्हाबाईकडे वळले. मला बघायला ही बाई आमच्या घरी आली होती तेव्हा तिने माझी वेणी सोडली होती, केस हातावर घेतले होते, वितीने मोजले होते. मला वाटलं होतं, मुलगी बघताना असं करतातच. बैलाचे दात बघतात, मुलीचे केस बघतात.

"वन्सं," मी विचारलं, "मिलकाबाईने मोडला तो हाच शब्द?"

ती हळूच म्हणाली, "हाच. तिचेही लांब होते. जा गो, डोळे मिटून जा आणि ये. नाही म्हणून तिचं काय झालं, बघितलंस ना?"

तव्यावरची पोळी करपून धूर निघायला लागला. मी ती उतरवली नाही. माझ्या पोटातून कानापर्यंत अशी आग चढत गेली की चुलीची धग त्यापुढे काहीच नव्हती. एका बाईचं घर गेलं होतं, सोयरिकी तुटल्या होत्या, देवाच्या दारात तिच्याभोवती जागा मोकळी सोडायचे लोक, आणि ते कशासाठी? तर अंबाडा सोडला नाही म्हणून! आणि त्या जागेवर मला आणून बसवली होती, केस मोजून.

"बाबा, जाऊन सांगा, येत नाही म्हणते."

"असं कसं सांगू, बाय? इतकी माणसं बसलीयत. माझी काय शोभा राहील?"

"तुमची शोभा?" मी म्हणाले. "बरं. मीच सांगते."

मी पदर डोक्यावरून घट्ट ओढला, टोक कमरेला खोचलं, आणि पिठाच्या हातांनीच ओटीच्या दारात जाऊन उभी राहिले. बसलेल्या सगळ्यांच्या माना दाराकडे वळलेल्या होत्या. हजान होता, अबाजी मास्तर होते, जमातीचा एकही पंच घरी राहिला नव्हता. प्रत्येकाच्या हातात पेला. कोणी मिशीवरून हात फिरवत होता, कोणी टोपी नीट करत होता. नाटकाचा पडदा वर जाण्याआधी माणसं जशी सावरून बसतात, तसे.

आणि तेव्हा मला बाकीचंही समजलं. मिलकाबाईचा निवाडा करायला बसले होते ते हेच. त्या निवाड्याच्या आदल्या दिवशी तिला बघायला या ओटीवर बसले होते तेही हेच. म्हणूनच शब्द कुठला ते कोणी कधी बोललं नाही. कसे बोलतील? बोलायचं तर आधी आपण तिथे काय करत होतो ते सांगावं लागलं असतं.

"हे काय?" मुकादम म्हणाला. "सांगितलं ते ऐकू आलं नाही?"

"आलं. मास्तर, शास्त्रात कारण दिलेलं नाही म्हणालात ना काल? मी देते. मला यायचं नाही, हे कारण. यापेक्षा मोठं लागत नाही."

मास्तर पेल्यात बघायला लागले.

"आत हो!" मुकादम उठला.

"होते. पण एक ऐका. तो अहश्वेरोश सात दिवस दारू प्यायलेला, तरी राणीला बोलवायला त्याने खोजे पाठवले. तुम्ही माझा बाप पाठवलात."

मुंबईचा एक व्यापारी खाकरून म्हणाला, "अहो, जाऊ द्या मुकादम. गंमत चालली होती." गंमत! मला त्या माणसाच्या डोक्यात नारळाच्या दुधाचं पातेलं ओतावंसं वाटलं, आणि ते ओतलं नाही याची हळहळ मला अजून आहे.

मुकादम दातओठ खात म्हणाला, "उद्या सकाळी मशिदीत बघू." मी आत आले. सिम्हाबाईने करपलेली पोळी उचलून बाजूला ठेवली आणि नवी लाटायला घेतली. ओटीवर ते सगळे जेवले. चवीने जेवले.

सकाळी प्रार्थना झाल्यावर जमात बसली. मी जाळीमागे उभी. बायका आल्या होत्या, पण आता जागा माझ्याभोवती मोकळी होती. आमच्याकडे प्रार्थनेला जसे दहा पुरुष लागतात, तसाच निवाडाही दहांशिवाय होत नसे. मुकादमाने माणसं मोजली आणि कपाळाला आठ्या घातल्या. एक कमी होता. दाविद चौगुल्याच्या पोटात दुखत होतं. काल दुपारनंतर त्याचं पोट दुखायला लागलं म्हणे. त्या एका माणसाला निदान पोट तरी होतं.

बाबा दाराजवळ, चपलांपाशी उभे होते. परत जायला निघालेले.

"शालोमभाऊ, या," मुकादम म्हणाला. "पाहुणे असलात तरी इस्रायलच आहात. बसा, म्हणजे पुरे होतील."

त्यांनी नुसतं 'नाही' म्हणायला हवं होतं. तेही नाही, नुसतं दाराबाहेर पडायला हवं होतं. पायाजवळ चपला होत्या, बैलगाडी फाटकात उभी होती. दहावा माणूस नसता तर निवाडा झाला नसता, आणि पुढच्या शनिवारच्या प्रार्थनेला माणसं पुन्हा जमेपर्यंत कितीतरी डोकी थंड झाली असती. बाबांनी जाळीकडे पाहिलं. मी आत उभी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

मग ते हळूहळू चालत गेले आणि बाकाच्या टोकाला बसले.

निवाडा ऐकायला मी थांबले नाही. काय होणार ते आळीतल्या पोरालाही पाठ होतं.

मिलकाबाई कासार आळीच्या मागे एका खोलीत राहायची. चोळ्या शिवून पोट भरायची. मी गेले तेव्हा ती दारात बसून काजं करत होती. मला बघून तिने सुई थांबवली नाही.

"कळलं?" तिने विचारलं.

"कळलं."

"आणि काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले."

तिने आता वर पाहिलं. मला वाटलं होतं ती मला जवळ घेईल, निदान डोळ्यांत पाणी तरी येईल. ती म्हणाली, "परवा तुला बघून मला फार राग आला होता. आजही आहे. तो जायला वेळ लागेल. आत ये." तिने पाटावरची कापडं उचलून मला बसायला जागा केली आणि चूल पेटवली.

चहा उकळायच्या आत बाहेर बैलगाडी थांबली. बाबा दारात येऊन उभे राहिले. एका दिवसात वाकल्यासारखे दिसत होते. मलाही क्षणभर वाटलं, उठावं आणि जावं यांच्याबरोबर, आपलं माणूस आहे.

"चल बाय," ते म्हणाले. "गाडी आणलीय. आपल्या घरी चल. आई बघून रडेल, पण काढू आपण दिवस."

मिलकाबाई चहाचा पेला घेऊन वळली आणि जागच्या जागी थांबली.

"हे तुझे बाबा?"

"हो."

"यांना मी ओळखते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "माझ्या वेळीही एक माणूस कमी पडला होता. हे वखारीत घाण्याचं लाकूड न्यायला आले होते. आदल्या दिवशी ओटीवर जेवायलाही होते. दहावे हेच बसले."

मी बाबांकडे वळले. त्यांनी मान खाली घातली, म्हणजे ते खरं होतं.

"तुम्ही तेव्हाही होतात?"

"सगळेच होते गं. मी एकटा थोडाच?"

"मिलकाबाई काय नाही म्हणाली ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

"आणि तरी मला त्याच घरात दिलंत?"

त्यांनी टोपी काढून हातात चुरगाळली. त्यांना खोटं बोलता येत नसे. ते चांगले होते, माझ्यावर त्यांचा जीव होता, हे मी आजही नाकारत नाही. म्हणूनच मला त्यांचा मुकादमापेक्षा जास्त राग येतो.

"मला वाटलं," ते म्हणाले, "तू ऐकशील."

मी उठले आणि दार लोटलं. बाहेरून त्यांनी दोनदा हाक मारली, "बाय, बाय." मी दाराला पाठ टेकून उभी राहिले. कडी मिलकाबाईने घातली.